टोन आहे का बघ

आमच्या घरी फोन आला १९९३ साली. दापोली तालुक्यातलं गाव, जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौलं, आणि माजघराच्या कोनाड्यात ठेवलेला राखाडी रंगाचा फोन. त्या दिवसापासून आईचा एक नेम सुरू झाला. सकाळी चहाचं आधण ठेवलं की ती माजघरात यायची, रिसिव्हर उचलून कानाला लावायची आणि काही न बोलता परत ठेवून द्यायची. मी तेव्हा दुसरीत होते. कुणाला फोन करतेस, असं विचारलं तर म्हणायची, "कुणाला नाही गं. टोन आहे का बघते."

तुमच्यापैकी अनेकांनी टोन ऐकलाच नसेल. मोबाइलला टोन नसतो. जुन्या फोनचा रिसिव्हर उचलला की एक संथ गुरगुर ऐकू यायची. एक्सचेंज जागं आहे, तार शाबूत आहे, आता नंबर फिरवा, असा तिचा अर्थ. पावसाळ्यात फांदी पडून तार तुटली की टोन जायचा. मग लाइनमन येईपर्यंत घरात एक बारीकशी काळजी वस्तीला असायची. दोन दिवस, कधी पंधरा दिवस.

तीन वर्षांपूर्वी टोन गेला तो आलाच नाही. आम्ही तक्रारी केल्या, पण तांब्याच्या तारा दुरुस्त करणारी माणसंच आता उरली नव्हती. शेवटी कनेक्शन बंद करून टाकलं. आई तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती आणि घरात एकटी. मी पुण्यात, दादा न्यू जर्सीत. आम्ही तिला चांगल्यातला स्मार्टफोन घेऊन दिला. तो जांभ्याच्या भिंतींच्या आत रेंज पकडत नसे. रेंजसाठी अंगणात पेरूच्या झाडाखाली जावं लागे. चुलीपाशी आणि बागेत राबून राठ झालेली तिची बोटं स्क्रीनला कळत नसत. एकदा वैतागून ती म्हणाली, "तो मोबाइल तुम्हा माणसांचा. घराला फोन नको का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षी गावात केबलवाल्याने फायबर आणलं आणि मी ठरवलं, इंटरनेटवर चालणारा घरचा फोन आपणच उभा करायचा. मी सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करते. टेलिफोनमधलं मला काही येत नव्हतं. शिकता शिकता इतिहासात शिरले आणि तिथे जे सापडलं, ते त्या उपकरणांपेक्षा जास्त रंजक निघालं.

*

इंटरनेटवरून बोलणं म्हणजे व्हॉट्सअॅप कॉल, आणि तो आला २०१५च्या सुमारास, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हा उद्योग पन्नास वर्षांहून जुना आहे. इंटरनेट हे नाव रुळायच्याही आधीचा.

ऑगस्ट १९७४मध्ये अमेरिकेच्या दोन टोकांना असलेल्या दोन प्रयोगशाळांमध्ये पहिल्यांदा आवाजाचे तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यावरून पाठवले गेले. एक होती लॉस एंजेलिसजवळची इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट, दुसरी बॉस्टनजवळची लिंकन लॅबोरेटरी. मधलं जाळं होतं आर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याचा होता, कारण लष्कराला कुणी चोरून ऐकू शकणार नाही असा फोन हवा होता. या कामाच्या मध्यभागी होता डॅनी कोहेन नावाचा संशोधक.

अडचण अशी होती की आर्पानेटच्या तारा सेकंदाला ५० हजार बिट वाहू शकत. टेलिफोन कंपन्यांच्या पद्धतीने आवाजाचे आकडे केले, तर सेकंदाला ८ हजार वेळा मोजणी आणि दर मोजणीला ८ बिट, म्हणजे ६४ हजार बिट होतात. बैलगाडीपेक्षा भारा मोठा. तेव्हा आवाज दाबून लहान करणं भाग होतं. यासाठी जी युक्ती सर्वांत उपयोगी पडली, तिचा पाया १९६०च्या दशकात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे घातला गेला होता. जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये बिष्णू अटल. अटल मूळचे कानपूरचे, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहून पुढे गेलेले. युक्ती थोडक्यात अशी: आवाज पाठवायचाच नाही. घसा, जीभ, ओठ यांनी तो कसा घडवला, त्याची कृती पाठवायची. पलीकडचं यंत्र त्या कृतीवरून आवाज नव्याने रांधतं. डिसेंबर १९७४मध्ये या पद्धतीने सेकंदाला जेमतेम साडेतीन हजार बिट वापरून आवाज आर्पानेटवरून गेला. आज आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आवाज दाबण्याच्या ज्या पद्धती आहेत, त्यांतल्या बऱ्याच याच वंशातल्या.

कोहेन आणि त्याच्यासारख्या मंडळींनी आणखी एक गोष्ट ओळखली होती, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संगणकाच्या जाळ्याची तोवरची शिस्त अशी की पाठवलेला प्रत्येक तुकडा पोचलाच पाहिजे. हरवला तर पुन्हा मागवायचा, तोवर बाकीच्यांनी थांबायचं. पत्राला आणि हिशेबाला ही शिस्त योग्य आहे. पण बोलण्याचं तसं नाही. पत्र हे लोणच्यासारखं, उशिरा आलं तरी चालतं. बोलणं हे मासळीसारखं, वेळेत आलं नाही तर आलेलं कामाचं नाही. हरवलेला अर्धा शब्द दोन सेकंदांनी परत आणून दिला तर संभाषणाचा विचका होतो. त्यापेक्षा तो सोडून द्यावा आणि पुढे जावं. १९७०च्या दशकाच्या शेवटी इंटरनेटचे मूळ नियम ठरताना टीसीपी आणि आयपी असे दोन वेगळे थर झाले आणि १९८० साली यूडीपी नावाचा हलका मार्ग मिळाला, त्यामागे आवाजाची ही गरज हे एक मोठं कारण होतं. म्हणजे आपण व्हिडिओ कॉलवर गप्पा मारतो किंवा ऑनलाइन गेम खेळतो, ते ज्या मार्गाने चालतं, तो मार्ग आखताना माणसाचं बोलणं नजरेसमोर होतं.

*

हे सगळं अमेरिकेत चालू असताना आमच्या गावात काय होतं? काही नव्हतं. फोन करायचा तर दापोलीला जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि तासन्‌तास बाकावर बसायचं. १९८४ साली सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था सुरू झाली. तिने खेड्यांसाठी १२८ जोडण्यांचं लहानसं एक्सचेंज बनवलं, जे वातानुकूलित खोलीशिवाय, आपल्या धुळीत आणि उकाड्यात चालावं. त्यातलं पहिलं जुलै १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला बसलं. अशा एक्सचेंजांमुळेच फोन खेड्यापाड्यांत शिरला.

आमच्या वाडीत पहिली काही वर्षं आमचा एकच फोन होता. त्यामुळे तो आमचा नव्हताच. शेजारच्या तात्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत गिरगावात कामाला. त्यांच्याकडे गावचा नंबर म्हणून आमचा नंबर, पुढे 'पी.पी.' लिहिलेला. पी.पी. म्हणजे ज्यांचा फोन आहे त्यांना विनंती की अमक्याला बोलावून आणा. रात्री उशिरा एसटीडीचे दर उतरायचे, म्हणून मुंबईचे चाकरमानी तेव्हा पिवळ्या पाटीच्या बूथसमोर रांग लावायचे. इकडे आमच्या पडवीत तात्या, तात्यांची बायको, आणखी दोघंतिघं झोप आवरत बसलेली असायची. बूथमध्ये समोर लाल आकड्यांचं मीटर पळत असायचं, त्यामुळे कुणी फुकटचं बोलायचं नाही. "पैसे मिळाले? बरं. बाळाचा ताप? बरं. ठेवतो."

आता त्या मीटरविषयी एक गोष्ट सांगते, जी मला हे सगळं वाचेपर्यंत माहीत नव्हती. लांबच्या आणि परदेशच्या कॉलचे दर खर्चाच्या मानाने कितीतरी जास्त ठेवलेले असत, ते मुद्दाम. त्या पैशातून स्थानिक कॉल आणि महिन्याचं भाडं स्वस्त ठेवलं जाई, आणि तोट्यातल्या ग्रामीण लाइनी चालत. म्हणजे आमच्या माजघरातल्या टोनचे पैसे काही अंशी त्या रात्रीच्या रांगेतली माणसं भरत होती. मुंबईला राबणाऱ्यांच्या पैशावर गाव चालतं, हे कोकणात सगळ्यांना ठाऊक असतं. गावची टेलिफोनची तारही त्यावरच चालत होती.

या व्यवस्थेत इंटरनेटचा फोन घुसला तर काय होणार हे सरकारला कळत होतं. फेब्रुवारी १९९५मध्ये इस्रायलमधल्या व्होकलटेक या छोट्या कंपनीने 'इंटरनेट फोन' नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. मोडेम, साउंड कार्ड, मायक्रोफोन, आणि संगणकावरून संगणकाशी बोलणं. आवाज तुटक यायचा, अनेक संगणकांवर एका वेळी एकालाच बोलता यायचं, वॉकीटॉकीसारखं. पण न्यूयॉर्क आणि मुंबई यांच्यातलं अंतर दरपत्रकातून नाहीसं झालं होतं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. १९९८ साली खाजगी कंपन्यांना इंटरनेटचे परवाने मिळाले, त्यांत स्पष्ट अट होती की इंटरनेटवरून टेलिफोन चालवायचा नाही. १९९९च्या दूरसंचार धोरणानेही सांगितलं, सध्या परवानगी नाही, पुढे बघू.

दार किलकिलं झालं १ एप्रिल २००२ला. परदेशच्या कॉलवरची विदेश संचार निगमची मक्तेदारी नेमकी आदल्या दिवशी संपली होती. नव्या नियमाने तीन गोष्टींना मुभा दिली: संगणकावरून संगणकाशी बोलणं, भारतातल्या संगणकावरून परदेशातल्या साध्या फोनला कॉल, आणि इंटरनेटच्या ठरावीक पद्धती पाळणाऱ्या एका उपकरणावरून तशाच दुसऱ्या उपकरणाला कॉल. मात्र देशातल्या देशात इंटरनेटवरून साध्या फोनला कॉल लावायला बंदी राहिली. ती उठायला २०१८ साल उजाडलं, आणि तेही परवानाधारक कंपन्यांमार्फतच.

दादा २००४ साली अमेरिकेला गेला तो याच संधिकाळात. तो घरी फोन करायचा किराणा दुकानातून घेतलेली कॉलिंग कार्डं वापरून. माझ्याशी बोलायचा स्काइपवर, कारण मी पुण्यात हॉस्टेलला होते आणि कोपऱ्यावर सायबर कॅफे होता. स्काइप आलं ऑगस्ट २००३मध्ये, आणि रविवारी सकाळी हेडफोन लावून संगणकासमोर बसलेले आईवडील हे पुण्यात घरोघरचं दृश्य झालं. ५ मे २०२५ला स्काइप बंद झालं. ज्या सोयीवर एका पिढीने आपली मुलं परदेशी पाठवली, ती बावीस वर्षंही टिकली नाही. देशात साध्या टेलिफोनच्या जोडण्या २००५-०६च्या सुमारास सुमारे ५ कोटींवर पोचल्या आणि मग उतरत गेल्या. २००४ सालीच मोबाइलने त्यांना मागे टाकलं होतं. फोन घराचा राहिला नाही, माणसाचा झाला. 'अमुक आहे का घरी?' हा प्रश्न विचारणं आपण बंद केलं ते तेव्हापासून.

*

२००२च्या त्या नियमातली तिसरी मुभा, उपकरणावरून उपकरणाला, हीच माझ्या उपयोगाची होती.

त्यासाठी लागणारं एक्सचेंज फुकट मिळतं, आणि त्याचीही एक गोष्ट आहे. १९९९ साली अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या मार्क स्पेन्सर नावाच्या विद्यार्थ्याने लिनक्स वापरणाऱ्यांना तांत्रिक मदत देणारी छोटी कंपनी काढली. ग्राहकांचे फोन घ्यायला ऑफिसात असतं तसं एक्सचेंज हवं होतं. ते परवडेना, म्हणून त्याने स्वतःच संगणकावर चालणारं एक्सचेंज लिहिलं आणि सगळ्यांना खुलं करून टाकलं. नाव ठेवलं अॅस्टेरिस्क, फोनच्या बटणांवरचा तारा. त्याच वर्षी सिप या पद्धतीचा पहिला अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला. सिपचं काम पूर्वीच्या ऑपरेटर बाईंचं: कोण कुठे आहे ते शोधायचं, घंटी वाजवायची, दोघांची गाठ घालून द्यायची आणि बाजूला व्हायचं. प्रत्यक्ष बोलणं मग वेगळ्या वाटेने जातं. आवाजाचे २० मिलीसेकंदांचे तुकडे, सेकंदाला पन्नास जाणारे आणि पन्नास येणारे.

मी घेतलेलं सामान असं: रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा संगणक, त्यावर अॅस्टेरिस्क. एक अडॅप्टर, ज्याला एका बाजूने नेटची केबल आणि दुसऱ्या बाजूने दोन साधे फोन जोडता येतात. फोन नवा घेतला नाही. माजघरातला तोच राखाडी फोन १०१. पडवीत दुसरा, १०२. माझ्या मोबाइलवरच्या अॅपला २०१ आणि दादाच्या अॅपला ३०१. आईने आकडे लक्षात ठेवायला नकोत म्हणून १ दाबला की मी, २ दाबला की दादा.

एक्सचेंज पुण्यात ठेवता आलं असतं, किंवा भाड्याच्या सर्व्हरवर. मी घरातच ठेवलं. कारण नेट गेलं तरी १०१ आणि १०२ एकमेकांशी बोलत राहावेत. आई पडवीत पडली तर माजघरापर्यंत तरी आवाज जावा, असं काहीतरी डोक्यात होतं. ते किती अपुरं होतं ते पुढे कळलं.

पहिला दिवस गेला टोनमध्ये. रिसिव्हर उचलला तर टोन होता, पण नंबर दाबल्यावर काहीच होईना. तासाभराने फोन उलटा करून पाहिला. खाली एक बारीक खटका असतो, 'पी' आणि 'टी'. पी म्हणजे पल्स, जुन्या चकतीसारखी तारेत टकटक करून नंबर पाठवण्याची रीत. टी म्हणजे टोन, प्रत्येक बटणाचा वेगळा सूर. तीस वर्षं तो खटका पीवर होता आणि माझ्या अडॅप्टरला टकटक कळत नव्हती. मग मी मोबाइलवरून फोन लावला, माजघरात घंटी वाजली, आणि आई जागची हलली नाही. म्हणाली, "हा आपला फोन नाही वाजत." आणि तिचं खरं होतं. अडॅप्टर अमेरिकी चालीवर बसवलेला होता: दोन सेकंद लांबलचक घंटी, चार सेकंद शांतता. आपल्याकडची घंटी जोडीने वाजते, ट्रिंग-ट्रिंग, मग थांबते. टोनही वेगळा. सेटिंगमध्ये भारताचे आकडे भरले तेव्हा ती उठून आली आणि रिसिव्हर कानाला लावून म्हणाली, "हं. हा."

पुण्याला परतल्यावर पहिला फोन केला तर आईला मी ऐकू येत होते, मला ती येत नव्हती. "ऐकू येतंय का गं?" असं ती विचारत असणार, हे मला तिच्या गप्प राहण्यावरून कळत होतं. हा या तंत्रातला नेहमीचा आजार आहे. आजकाल नेट कंपन्या अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. कॉल जुळवणारा निरोप पोचतो, पण आवाजाच्या पाकिटावर घरातला, बाहेर कुणाला माहीत नसलेला पत्ता असतो आणि ते वाटेत हरवतं. उपाय म्हणून मुंबईतला एक लहानसा सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घेतला आणि घरचं एक्सचेंज त्याला कायमचं जोडून ठेवलं, आतल्या आत काढलेल्या बोगद्यासारखं. मग तिचा आवाज आला. पहिलं वाक्य होतं, "मी मघापासून एकटीच बडबडत्ये."

*

जुलैमधली गोष्ट. रात्री साडेनऊला पावसात वीज गेली. घरात इन्व्हर्टर आहे, दिवा आणि पंखा चालू राहिला. आईला गरगरायला लागलं. ती भिंतीला धरून माजघरात आली, रिसिव्हर उचलला. टोन नव्हता. मी राउटर, पाय आणि अडॅप्टर ज्या प्लगमध्ये लावले होते, तो इन्व्हर्टरच्या लाइनवरच नव्हता. अंगणात जाऊन मोबाइल लावावा तर पाय ठरत नव्हते. ती तशीच दहा मिनिटं खाली बसून राहिली आणि मग भिजत तात्यांच्या दारी गेली. तात्या आता नाहीत. त्यांच्या सुनेने दार उघडलं, डॉक्टरांना बोलावून घेतलं. रक्तदाब खूप वाढलेला होता. वेळेत कळलं.

मला सकाळी कळलं. त्यानंतर आठवडाभर मी एकाच गोष्टीचा विचार करत होते. जुना फोन वीज गेली तरी कसा चालायचा?

उत्तर सोपं आहे आणि मी ते वाचलेलंही होतं, फक्त त्याचा अर्थ लक्षात घेतला नव्हता. तांब्याच्या त्या दोन तारांमधून आवाजाबरोबर वीजही येत होती. एक्सचेंजमध्ये बॅटऱ्यांची खोली असे, ४८ व्होल्टची, आणि मोठ्या ठिकाणी सोबत डिझेलचा जनरेटर. गावात अंधार असला तरी टोन असायचा, कारण विजेची काळजी दुसऱ्या कुणावर होती. उगाच जुन्याचे गोडवे गायचे नाहीत. तारा तुटायच्या, बिलं चुकीची यायची, आणि जोडणीसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली आणि मंडणगडात खांब आडवे झाले तेव्हा फोन काय आणि वीज काय, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे काही नव्हतं. पण साध्या दिवशी टोन राखणं हे कुणाचं तरी काम होतं. आवाज इंटरनेटवर आला, तेव्हा अंतराचे पैसे गेले, मिनिटांचे गेले, आणि त्या पैशातून होणारं ते कामही गेलं. फोन फुकट झाला आणि एक्सचेंजची जबाबदारी गुपचूप आपल्या घरात येऊन बसली. मी एक्सचेंज बसवलं होतं, बॅटऱ्यांची खोली विसरले होते.

मग गावी गेले. राउटर, पाय आणि अडॅप्टर यांना वेगळी बॅटरी लावली. ती सुमारे सहा तास टिकते, मोजून पाहिलं. दुसरं, केबलवाल्याच्या पेटीचीच वीज गेली तर घरची बॅटरी असूनही बाहेर फोन लागणार नाही. आणि तिसरं, माझ्या या एक्सचेंजवरून ११२ लागत नाही. सार्वजनिक फोनच्या जाळ्याशी जोडणी द्यायची तर ती परवानाधारक कंपनीकडूनच घ्यावी लागते आणि आमच्याकडे ती नाही. म्हणून एक साधा बटणांचा मोबाइल खिडकीच्या गजाला बांधून ठेवला, जिथे रेंजची एक कांडी येते, आणि आईकडून त्यावरून तीनदा नंबर लावून घेतला. इंटरनेटचा घरचा फोन तुम्ही कुणासाठी बसवणार असाल, तर या तीन गोष्टी आधी करा. मी नंतर केल्या.

चौथी गोष्ट आईने सुचवली. पडवीतला फोन तिथे कशाला, असं ती म्हणाली. "मी पडवीतनं माजघरात कुणाला फोन करू? घरात आहे कोण?" अडॅप्टरच्या भोकातून निघणारी साधी दोन पदरी तार बऱ्याच लांबवर फोन चालवू शकते. जुन्या कनेक्शनची तार अजून वाशाला गुंडाळलेली होती. ती कुंपणावरून तात्यांच्या घरात नेली. आता १०२ त्यांच्या ओटीवर आहे. त्या फोनला तिथल्या विजेची गरज नाही. तो आमच्या बॅटरीवर चालतो, नेट असो वा नसो. पूर्वी त्यांचे फोन आमच्या पडवीत यायचे, आता आमच्या घरच्या टोनवर त्यांचा फोन चालतो.

अॅस्टेरिस्क प्रत्येक कॉलची नोंद ठेवतं: कुठून, कुठे, किती वेळ. ती मला पुण्यात बसून दिसते. दिसते हे आईला मी सांगितलं आहे. त्या नोंदीत रोज सकाळी सहाच्या आसपास एक ओळ असते. १०१ वरून १०२, आठ-नऊ सेकंद.

मी विचारलं, एवढ्या पहाटे काय बोलता?

"काही नाही गं. ती म्हणते, आहे. मी म्हणते, आहे. आणि ठेवतो."